फॉर-ईच चालू असताना लिस्टमधलं काढलं तर कधी एरर येते आणि कधी गपगुमान पुढं जातं, असं का?

आधी तुझा प्रश्न माझ्या शब्दांत परत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तू निपाणीचा, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला (माझ्या भाच्याच्या वयाचा आहेस म्हणून तू म्हणतोय, राग मानू नको). जावात पाच नावांची अ‍ॅरेलिस्ट केलीस, फॉर-ईचनं (म्हणजे लिस्टमधली एकेक वस्तू हातात देत जाणारं लूप) फिरताना ठरलेलं नाव आलं की ते रिमूव्ह करायचं, एवढाच प्रोग्रॅम. दुसरं नाव काढलं तर लाल अक्षरात एक्सेप्शन, म्हणजे प्रोग्रॅम मधेच थांबवणारी एरर. चौथं काढलं तर एरर काहीच नाही, पण पाचवं नाव स्क्रीनवर आलंच नाही. मग तेच पायथनमध्ये मार्कांच्या लिस्टवर केलंस, शून्य दिसलं की काढ, तिथं एरर कधीच येत नाही पण एखादं शून्य तसंच बसून राहतं. लॅबचे सर म्हणाले फॉर-ईचच्या नादाला लागू नको, सरळ आय घे, म्हणजे जागेचा नंबर आपणच मोजत फिरायचं. आणि आता तू विचारतोस की मॉडर्न भाषांत फॉर-ईच आतून करतं काय, आणि सरांचं बरोबर काय.

तिन्ही भानगडींचं मूळ एकच आहे. फिरताना आपण कुठवर आलो हे कोणीतरी लक्षात ठेवतंय, आणि तू त्याच्या पाठीमागं लिस्ट हलवलीस. आता ते लक्षात ठेवणारं कोण, आणि लिस्ट हलली हे त्याला कळतं की नाही, हे प्रत्येक भाषेत वेगळं आणि एकाच भाषेत प्रत्येक कलेक्शनला (लिस्ट, सेट, डिक्शनरी असल्या साठ्याला) पण वेगळं. त्यामुळं कोणी एका वाक्यात उत्तर दिलं तर आधी विचार, कुठल्या भाषेतलं सांगताय. मी सतरा-अठरा वर्षं हेच काम करतोय, आधी जावा आणि सी-शार्प, आता जास्त करून पायथन आणि गो, तेव्हा मुख्य करून त्यातलंच सांगेन. कोड मोबाइलवरून नीट टाईप होत नाही म्हणून बोलूनच सांगतो, तू मशीनवर करून बघ.

पिग्मी एजंट, म्हणजे रोजची बचत दारोदार गोळा करणारा, बघितला असशीलच की. बेळगावात गणपत गल्लीत संध्याकाळी उभा राहिलास तर दहा मिनिटांत एखादा दिसतोच, खांद्याला पिशवी, हातात मशीन, दुकानामागून दुकान. सोसायटीत खातेदारांचं रजिस्टर असतं, ते म्हणजे तुझं कलेक्शन. रजिस्टरला माहीत नसतं आज कोणाचं झालं आणि पुढं कोणाचं आहे, ते एजंटाच्या डोक्यात असतं. हा एजंट म्हणजे इटरेटर. फॉर-ईच काय करतं, तर सोसायटीला म्हणतं "मला एक एजंट द्या", आणि मग त्या एजंटालाच सारखं विचारत राहतं, "अजून कोण राहिलंय काय? असेल तर पुढचा दे." लूपचा आणि रजिस्टरचा थेट संबंध त्या पहिल्या क्षणापुरताच, नंतर सगळं बोलणं एजंटाशी.

आता कोणी म्हणेल हा मधला माणूस कशाला, लिस्टनंच लक्षात ठेवावं की. तर एकाच रजिस्टरवर दोन एजंट एका वेळी फिरू शकतात, एक खडेबाजारात आणि दुसरा मारुती गल्लीत. तू एकाच लिस्टवर लूपच्या आत दुसरं लूप लिहितोस, प्रत्येक नावाची दुसऱ्या प्रत्येक नावाशी तुलना करायला, तेव्हा नेमकं हेच होतं. जागा लिस्टनं स्वतः लक्षात ठेवली असती तर आतल्या लूपनं ती शेवटाला नेली असती आणि बाहेरचं लूप एका फेरीत संपलं असतं.

जावात हे फॉर-ईच २००४ ला जावा ५ मध्ये आलं, त्याआधी लोक इटरेटर हातानं मागून व्हाइल लूप लिहायचे. कंपायलर आजही तुझ्या फॉर-ईचचं तसलंच लूप करून देतो, सुरुवातीला एकदा इटरेटर मागायचा, मग प्रत्येक फेरीला हॅझनेक्स्ट म्हणजे आहे काय, आणि असला तर नेक्स्ट म्हणजे दे. साधा अ‍ॅरे असेल तर मात्र इटरेटर वगैरे काही नाही, आत सरळ आयवालं लूपच तयार होतं. दिसायला एक फॉर-ईच, आतून दोन. सी-शार्पमध्ये विचारायची पद्धत थोडी वेगळी, मूव्हनेक्स्ट म्हणायचं, तो पुढं सरकतो आणि होय की नाही सांगतो, मग करंटमधून वस्तू घ्यायची. पायथनमध्ये "आहे काय" विचारायची सोयच नाही, सरळ नेक्स्ट मागायचं आणि संपलं असेल तर तो स्टॉप-इटरेशन नावाचं एक्सेप्शन फेकतो, फॉर लूप ते गपचूप पकडतं म्हणून तुला कधी दिसत नाही. संपणं ही रोजचीच गोष्ट, तिला एक्सेप्शन म्हणणं मला सुरुवातीला फार विचित्र वाटायचं, आता सवय झाली. रस्टमध्ये नेक्स्ट मागितलं की "सम" मध्ये गुंडाळलेली वस्तू येते नाहीतर "नन" येतं. जावास्क्रिप्टच्या फॉर-ऑफमध्ये प्रत्येक वेळी एक ऑब्जेक्ट येतं, त्यात व्हॅल्यू आणि डन. नावं वेगळी, पण एजंट सगळीकडं आहे. आणि ही कल्पना काही काल-परवाची नाही, एमआयटीत बार्बरा लिस्कोव्ह आणि त्यांच्या टीमनं १९७० च्या दशकात क्लू नावाची भाषा केली, त्यात इटरेटर होते, फॉर लूप त्यांच्यावरच चालायचं.

आता तुझा जावाचा प्रोग्रॅम कागदावर चालवू. अ‍ॅरेलिस्टचा इटरेटर स्वतःजवळ मुख्य दोन आकडे ठेवतो. पहिला कर्सर, म्हणजे पुढचं कितव्या जागेवरचं द्यायचं. दुसरा, निघताना लिस्टवरून उतरवून घेतलेला बदलांचा आकडा. लिस्टमध्ये मॉड-काउंट नावाचा एक आकडा असतो, काही घातलं किंवा काढलं की तो वाढतो. नेक्स्ट मागितलं की इटरेटर आधी बघतो, माझ्याजवळचा आकडा आणि लिस्टवरचा आकडा अजून सारखा आहे काय. नसला की कन्करंट मॉडिफिकेशन एक्सेप्शन. नावात कन्करंट बघून पोरं थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) शोधत बसतात, पण एकच थ्रेड असताना सुद्धा हे येतं आणि तुझ्यासारख्यांना तसंच येतं.

गोम अशी की ही तपासणी नेक्स्टमध्ये आहे, हॅझनेक्स्टमध्ये नाही. हॅझनेक्स्ट फक्त एवढंच बघतं की कर्सर आणि लिस्टचा साइझ सारखा झाला काय, झाला की संपलं. तू दुसरं नाव काढलंस तेव्हा कर्सर होता २, साइझ झाला ४, दोन्ही वेगळे, म्हणून "अजून आहेत" असं उत्तर आलं, नेक्स्ट मागितलं, बदलांचा आकडा जुळला नाही, एक्सेप्शन. चौथं नाव काढलंस तेव्हा चौथं हातात आल्यामुळं कर्सर झालेला ४, आणि काढल्यावर साइझ पण ५ चा ४. हॅझनेक्स्ट म्हणालं, सारखे आहेत, संपलं. लूप सुखानं बाहेर. पाचवं नाव सरकून चौथ्याच्या जागेवर येऊन बसलंय आणि त्याच्याकडं कोणी ढुंकूनही बघितलं नाही. म्हणून एरर नाही आणि नावही नाही. जावाचे डॉक्युमेंट लिहिणारेही स्पष्ट सांगतात की हे एक्सेप्शन जमेल तेवढ्यावर दिलं जातं, बग सापडावा म्हणून आहे, ते येईलच असं धरून प्रोग्रॅम लिहू नका.

पायथनची लिस्ट याहून साधी. तिच्या इटरेटरजवळ एकच आकडा, कितव्या जागेवर आहे. बदल मोजायचा धंदाच नाही. समज लिस्ट आहे १०, ०, ०, ४५. शून्य जागेवर १०, ठीक. एक नंबरच्या जागेवर ०, काढलं, मागचं दुसरं शून्य सरकून एक नंबरवर आलं. इटरेटर मात्र आता दोन नंबरकडं बघतो, तिथं ४५. दुसरं शून्य वाचलं. लक्षात घे, शून्यं एकमेकांना चिकटून नसतील तर हा प्रोग्रॅम बरोबर चालतोय असंच वाटतं, जे सुटतं ते शून्य नसल्यामुळं. लॅबमध्ये टेस्ट करताना दोन शून्यं शेजारी कोण लिहितंय. डिक्शनरीला (की आणि तिची व्हॅल्यू अशा जोड्यांच्या साठ्याला) मात्र पायथन कडक आहे, फिरताना तिचा साइझ बदलला की पुढच्याच फेरीला रनटाइम एरर, डिक्शनरी चेंज्ड साइझ म्हणून. असलेल्या कीची व्हॅल्यू बदलली तर चालतं, कारण जागा हलत नाहीत.

आता सरांच्या आयकडं येऊ, कारण मला हा धडा आयनंच शिकवलाय. नवीन असताना खानापूर बाजूच्या एका सोसायटीचं पिग्मीचं काम माझ्याकडं होतं, नाव सांगत नाही, चूक माझी होती त्यांची नव्हे. रोज सकाळी एजंटासाठी यादी छापायची, बंद झालेली खाती गाळून. मला तोपर्यंत ते एक्सेप्शन दोनदा दिसलं होतं, म्हणून मी शहाणपणा करून फॉर-ईच टाकून आय घेतला, शून्यापासून साइझपर्यंत, खातं बंद असलं की आयव्या जागेचं काढ, मग आय वाढव. एक्सेप्शन गेलं, मी खूष. दोन-तीन महिने कोणाची तक्रार नाही. मग एक दिवस एजंट म्हणाला, "सर, ह्या माणसाचं खातं कधीच बंद झालंय, मी रोज पेन्सिलनं नाव खोडतोय आणि तुमची यादी रोज परत छापतीय." बघितलं तर दोघं सख्खे भाऊ, बाजारात भिंतीला भिंत लागून दोन दुकानं, खाती काढली एकाच दिवशी म्हणून नंबर लागोपाठ, आणि बंदही केली एकाच दिवशी. थोरल्याचं नाव गळायचं, धाकट्याचं राहायचं. थोरल्याला काढल्यावर धाकटा त्याच्या जागेवर सरकायचा आणि माझा आय पुढं निघून जायचा. म्हणजे तुझं पायथनचं शून्यच ते, फक्त चपला घालून आलेलं.

तेव्हा सरांचं अर्धं बरोबर. आय घेतल्यानं एक्सेप्शन जातं, बग राहतो, उलट आता सांगायलाही कोणी नाही. आय घेऊन काढायचंच असेल तर शेवटाकडून सुरुवातीकडं ये, म्हणजे जे सरकतं ते तू बघून झालेलंच सरकतं. नाहीतर काढलं त्या फेरीला आय वाढवू नको. दोन्ही चालतात, पण सहा महिन्यांनी दुसरा कोणी ते वाचताना "हे उलटं का लिहिलंय" म्हणून सरळ करून ठेवतो, हे पण मी बघितलंय, त्यामुळं तसं लिहिलंस तर वर एक ओळ कॉमेंट टाकच.

आयची दुसरी गोची, ती सगळ्या कलेक्शनला परवडत नाही. जावात लिंक्डलिस्ट घे, एक लाख नावं. त्यात "पन्नास हजारावं दे" म्हटलं की ती खरंच एका टोकापासून एकेक कडी मोजत जाते, जवळचं टोक बघून निघते म्हणून सगळ्या जागा धरून सरासरी पंचवीस हजार कड्या. असं एक लाख वेळा, म्हणजे एकूण अडीचशे कोटी पावलं. फॉर-ईचचा इटरेटर तिथल्या कडीवर बोट ठेवून उभा असतो, पुढची कडी म्हणजे एक पाऊल, सगळी मिळून एक लाख. आणि सेटला तर आय लावताच येत नाही, त्यात "तिसरं" असं काही नसतंच.

मग करायचं काय. मी स्वतः बहुतेक वेळा काढायच्या भानगडीतच पडत नाही, जे ठेवायचं त्याची नवीन लिस्ट करतो. पायथनमध्ये लिस्ट कॉम्प्रिहेन्शनची एक ओळ, शून्य नसलेले सगळे घ्या, विषय संपला. पोरं म्हणतात मेमरी जास्त लागते, तर बाबा तुझ्या वर्गात साठ-सत्तर पोरं, कसली मेमरी. आणि मधनं एकेक काढताना मागचे सगळे प्रत्येक वेळी सरकवावे लागतात, मोठ्या लिस्टला ते नवीन लिस्ट करण्यापेक्षा जास्त महाग पडतं. तीच लिस्ट जागेवर बदलायची गरज असेल, म्हणजे दुसरं कोणी तीच लिस्ट धरून बसलंय, तर जावा ८ पासून, म्हणजे २०१४ पासून, रिमूव्ह-इफ आहे, त्याला अट सांगायची, तो आतल्या आत नीट करतो. जुन्या जावात अडकला असशील तर इटरेटर हातानं घे आणि लिस्टला नव्हे, इटरेटरलाच सांग रिमूव्ह कर. एजंटाच्या हातूनच नाव कमी झालं की त्याला कळतं, तो कर्सर एक मागं घेतो आणि बदलांचा आकडाही नवा उतरवून घेतो. पायथनमध्ये मूळ लिस्टच बदलायची असेल तर लिस्टच्या कॉपीवर फीर आणि मूळ लिस्टमधून काढ, फक्त रिमूव्ह व्हॅल्यू बघून पहिलं सापडेल ते काढतं हे विसरू नको.

इथपर्यंत तुझ्या प्रश्नाचं उत्तर झालं. पण तू "मॉडर्न भाषांत" असं पण विचारलंयस, तर नवीन भाषा हातात घेतली की मी कॉफी प्यायच्या आधी दोन गोष्टी तपासतो त्या सांगतो. पहिली, लूप सुरू होताना काय ठरवून टाकलं जातं. गोमध्ये स्लाइसवर (तिथली लिस्ट) रेंज (तिथलं फॉर-ईच) लावली की लांबी सुरुवातीलाच एकदा मोजली जाते, आत अपेंड करत बसलास तरी नवीन आलेल्यांची पाळी येत नाही. जावास्क्रिप्टमध्ये तर एकाच अ‍ॅरेवर दोन तऱ्हा, फॉरईच नावाची मेथड निघतानाच ठरवते किती जागा फिरायच्या, आणि फॉर-ऑफ मात्र जिवंत अ‍ॅरेकडं बघत चालतो, त्यात आत पुश करत गेलास तर लूप कधी संपतच नाही, ब्राउझर गार पडतो. पीएचपीत फॉरईच अ‍ॅरे सुरुवातीला जसा होता तसाच फिरतो, स्विफ्टमध्येही अ‍ॅरेचं तसंच. सी-प्लस-प्लस ११ च्या फॉरमध्ये बिगिन आणि एंड सुरुवातीला एकदा घेऊन ठेवतात, आणि आत व्हेक्टरमध्ये (तिथली लिस्ट) पुशबॅक केलं, म्हणजे शेवटी घातलं, आणि व्हेक्टरनं जागा पुरेना म्हणून घर बदललं की हे दोघं जुन्याच घराच्या दारात उभे. तिथं एक्सेप्शन पण नाही, काहीही होऊ शकतं, कधी बरोबर चालल्यासारखं पण दिसतं, ते सगळ्यात वाईट. रस्टचं उलट, तो प्रोग्रॅम कंपाइलच होऊ देत नाही, एजंट रस्त्यावर असताना रजिस्टरला हात लावायचा नाही म्हणतो. पहिल्या आठवड्यात शिव्या देशील, नंतर बरं वाटेल.

मॅप, डिक्शनरी असल्या गोष्टींचं आणि वेगळं. गोमध्ये मॅपवर फिरताना काढलेलं चालतं, नियमातच आहे, घातलं तर ते दिसेल किंवा नाही दिसेल, दोन्ही बरोबर. वर क्रम मुद्दाम बदलता ठेवलाय, म्हणजे कोणी त्यावर अवलंबून राहू नये. पायथनमध्ये ३.७ पासून घातल्या क्रमानं येणार ही हमी आहे. सी-शार्पची डिक्शनरी आधी काहीच चालवून घ्यायची नाही, डॉटनेट कोअर ३.० पासून फिरताना काढलेलं चालतं, नवीन घातलं की अजूनही एक्सेप्शन.

दुसरी गोष्ट, प्रत्येक फेरीला हातात काय येतं, मूळ वस्तू की तिची नक्कल. सी-प्लस-प्लसमध्ये ऑटोच्या पुढं अँपरसँड विसरलास की प्रत्येक वस्तूची कॉपी येते, तू सगळ्यांचे मार्क पाचनं वाढवतोस आणि लूप संपल्यावर लिस्ट जशीच्या तशी. गोमध्येही रेंजनं दिलेला स्ट्रक्ट (फील्डांचा गठ्ठा) नक्कलच असतो. जावा-पायथनमध्ये तुझ्या व्हेरिएबलला नवीन व्हॅल्यू दिली तर फक्त तुझ्या हातातली चिठ्ठी बदलते, लिस्टमधलं काही हलत नाही, पण हातातल्या ऑब्जेक्टचं फील्ड बदललं तर मात्र खरंच बदलतं, कारण चिठ्ठीवर पत्ता त्याच घराचा आहे. याच्याच पोटातली अजून एक भानगड, लूपच्या आत फंक्शन तयार करून ठेवलं नंतर चालवायला, तर सी-शार्पमध्ये २०१२ च्या आधी सगळी फंक्शनं शेवटचीच व्हॅल्यू सांगायची, कारण व्हेरिएबल एकच होतं सगळ्या फेऱ्यांना. त्यांनी सी-शार्प ५ मध्ये फॉरईचसाठी ते बदललं. गोवाल्यांनी हीच गोष्ट फेब्रुवारी २०२४ ला १.२२ मध्ये बदलली, त्याआधी आम्ही सगळे लूपच्या पहिल्याच ओळीत व्हेरिएबल स्वतःलाच असाइन करून वेळ मारून न्यायचो. जुना कोड वाचताना ती ओळ दिसली तर हसू नको, तिला अर्थ होता.

एक गंमत आपल्याकडच्यांनी तरी बघायलाच पाहिजे. पायथनमध्ये "निपाणी" हा शब्द देवनागरीत लिही आणि त्यावर फॉर चालव. तुला वाटेल तीन अक्षरं, तीन फेऱ्या. येतील सहा, न, मग नुसती पहिली वेलांटी, मग प, मग नुसता काना, मग ण, मग दुसरी वेलांटी. युनिकोडमध्ये मात्रा हे वेगळे कोड आहेत आणि पायथनचा इटरेटर कोडमागून कोड देतो. तोच शब्द स्विफ्टमध्ये फिरवलास तर तीनच येतात, नि, पा, णी, कारण तिथं इटरेटर माणसाला दिसणारं अक्षर धरून चालतो. गोमध्ये फेऱ्या सहा, पण रेंज सोबत जो नंबर देते तो ०, ३, ६, ९, १२, १५ असा उड्या मारतो, यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या एका कोडला तीन बाइट लागतात म्हणून. आणि सरांचं ऐकून तिथं आय लावलास तर अठरा फेऱ्या, हातात नुसते बाइट, छापलं की कचरा. कन्नड लिपीचंही असंच, तीन-तीन बाइट. इथं फॉर्मवर नावं मराठीत पण येतात आणि कन्नडात पण, नाव तीस अक्षरांत कापून छापा असलं काम आलं की हे आठवेल. कलेक्शनमधलं "एक" म्हणजे काय, हे सुद्धा इटरेटरच ठरवतो.

अजून एक, यात माझी अख्खी एक दुपार गेली होती. सगळे एजंट परत परत फिरत नाहीत. लिस्टला फॉर लावलं की प्रत्येक वेळी नवीन इटरेटर मिळतो, म्हणून दहा वेळा फिरता येतं. पण पायथन ३ मध्ये मॅप (वरचा गोचा मॅप नव्हे, या नावाचं फंक्शन), फिल्टर, झिप, जनरेटर (मागेल तशी एकेक व्हॅल्यू तयार करून देणारा), उघडलेली फाइल, हे स्वतःच एजंट आहेत. पहिल्या लूपमध्ये फिरून संपले की दुसऱ्या लूपला रिकामे हात, एरर नाही काही नाही, शून्य फेऱ्या. मी आधी एकूण रक्कम काढली आणि मग त्याच जनरेटरवर यादी छापायला गेलो, बेरीज बरोबर आणि यादी कोरी, डेटाबेसला दोष देत बसलो. पण याच गुणामुळं चार जीबीची लॉग फाइल तू फॉर लावून ओळ-ओळ वाचू शकतोस, सगळी फाइल कधीच मेमरीत येत नाही, एजंट मागितली तेवढीच ओळ आणून देतो. आयनं हे होणार नाही, कितवी ओळ कुठं सुरू होते हे फाइललाच माहीत नसतं.

आय मी घेतो कधी? शेजारच्या दोन जागांची तुलना करायची असली, एक सोडून एक जायचं असलं, उलटं जायचं असलं, किंवा अ‍ॅरेच्या जागेवरच नवीन व्हॅल्यू लिहायची असली तर. नुसता नंबर पाहिजे म्हणून घेत नाही, पायथनमध्ये त्याला एन्युमरेट आहे, गोमध्ये रेंजच नंबर देते. फॉर-ईच हळू चालतं म्हणून आय घ्या असं कोणी सांगितलं तर आधी मोजून दाखवा म्हण, मला तरी रोजच्या कामात तो फरक कधी अडला नाही, अडलं ते नेहमी आत लिहिलेल्या डेटाबेसच्या क्वेरीमुळं.

सरांना जाऊन "तुमचं चुकलं" म्हणू नको, इंटर्नल त्यांच्याच हातात आहेत. तुझाच जावाचा प्रोग्रॅम घे, या वेळी पाचवं म्हणजे शेवटचं नाव काढ. चालवायच्या आधी कर्सर किती आणि साइझ किती ते कागदावर लिही आणि एक्सेप्शन येणार की नाही ते ठरव. बहुतेक पोरं म्हणतात शेवटचंच काढलं, आता काय यायचंय. कर्सर ५, साइझ ४.